दारातला योद्धा

माझ्या नवऱ्याने गेल्या सोळा वर्षांत एकच वाक्य शेकडो वेळा तरी म्हटलं असेल. "मी दारात उभा राहतो."

घरात नव्हे, खेळात. दर रविवारी सकाळी नऊ ते एक, मिरजेत इलियास मुजावरच्या तंबोऱ्यांच्या कारखान्याच्या माडीवर आम्ही चौघं एका टेबलाभोवती बसतो. खाली भोपळे वाळत टांगलेले असतात, वर आमचं राज्य चालतं. एकाने सूत्रधार व्हायचं, ती मी, त्रिशला मगदूम. मी सांगते, "तुम्ही एका पडक्या कोटासमोर उभे आहात, दार अर्धं उघडं आहे, आतून धूर येतोय." मग बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा आणि माझी नियमांची वही मिळून ठरवतात. पडदा नाही, बटणं नाहीत. सगळं राज्य बोलण्यात असतं. मी मोजणीच्या कार्यालयात नकाशे आखते, त्यामुळे कोटांचे आणि भुयारांचे नकाशे तेवढे कागदावर असतात, अगदी मापात.

शर्मिष्ठा गुळवणी मांत्रिक खेळते. ती इंजिनिअरिंग कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि वाद हरताना मी तिला अजून पाहिलेलं नाही. इलियास चोर खेळतो, शिवाय उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून आमच्या पात्रांच्या बोटभर बाहुल्या कोरतो. आणि माझा नवरा सुकुमार, तो योद्धा. नाव सुकुमार, घर जैनाचं, जेवण सूर्य मावळायच्या आत, मुंगीला फुंकर घालून बाजूला करणारा माणूस, आणि हातात तलवार. बहुधा म्हणूनच त्याचा योद्धा स्वतःहून कुणावर धावून जात नाही. बाकीचे आत जातात, हा दारात उभा राहतो.

२०४३च्या मे महिन्यातल्या एका रविवारी शर्मिष्ठाच्या मांत्रिकाने एकाच मंत्रात अख्खा कोट झोपवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सुकुमारने आपली बाहुली उचलली, डबीत ठेवली आणि म्हणाला, "पुढच्या रविवारपासून मी येत नाही."

"का रे? रागावलास?" शर्मिष्ठाने विचारलं.

"राग कसला? दाराला कडी असली तरी भागतंय की. माणूस कशाला लागतोय?"

दिवा गेलाय, बदलायला हवा, अशा सुरात तो हे बोलला. मी मात्र धास्तावले.

त्याचं कारण सांगायला हवं. सुकुमार वीज कंपनीत वायरमन. नुसता वायरमन नाही. चालू लाइनवर, प्रवाह न तोडता काम करणाऱ्या मोजक्या माणसांपैकी. २०३७च्या ऑगस्टमध्ये वादळानंतर तो एका खांबावर चढला होता. ती लाइन रीतसर बंद केलेली होती. पण गल्लीतल्या कुणाच्या तरी छतावरच्या सौर पट्ट्यांची वीज उलटी लाइनीत आली. धक्का बसला, तो खाली पडला. अकरा दिवस दवाखाना. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. तेव्हापासून तो उपकेंद्रात खुर्चीवर बसतो आणि तारांवरून फिरणारे ड्रोन पडद्यावर बघतो. ती खुर्ची त्याला कशी मिळाली हे मी पुढे सांगणार आहे, आत्ता सांगायचं धाडस होत नाही. एवढंच सांगते, की रविवारी खेळाला निघायच्या आधी तो कपाटातले जुने रबरी हातमोजे काढायचा, त्यांचं तोंड गुंडाळत गुंडाळत आत हवा कोंडायचा आणि कानाशी धरून ऐकायचा. सुईएवढं भोक असलं तरी हवा फुसफुसते. खांबावर चढण्याआधीची ती रीत. आता ते हातमोजे वापरायचे नव्हते, तरी रीत सुटली नव्हती. हातमोजे आणि दारातला योद्धा, जुन्या सुकुमारमधलं एवढंच उरलं होतं. आता त्यातलं एक तो डबीत ठेवून निघाला होता.

दोष खेळात आहे, असं मी धरून चालले. आणि तसं धरायला जागाही होती. असले खेळ जगात जिथे जिथे खेळले जातात तिथे तिथे हे एक जुनं दुखणं आहे. सुरुवातीला योद्धा आणि मांत्रिक बरोबरीचे असतात. मग योद्ध्याची तलवार थोडी धारदार होते, आणि मांत्रिक उडायला शिकतो. योद्ध्याचं चिलखत जाड होतं, मांत्रिक भिंतीतून जायला लागतो. दहाव्या पायरीला मांत्रिक नद्या फिरवत असतो आणि योद्ध्याने सगळ्यांची गाठोडी सांभाळायची. यावर लोकांनी सत्तर वर्षं डोकी फोडली आहेत. मीही फोडलं होतं, कारण माझी नियमांची वही ‘बुरूज’ या नावाने पुस्तक होऊन छापली जाणार होती आणि पुण्याच्या प्रकाशकांची एकच अट होती. योद्धे आणि मांत्रिक यांच्यातला तोल साधा, मगच छापू.

"आपण मोजूया ना," शर्मिष्ठा म्हणाली. "सुकुमार, पुस्तक होईपर्यंत तरी ये."

"सहा आठवडे," तो म्हणाला. "मग मला सोडा."

पुढच्या रविवारी तिने तराजू आणला.

दिसायला तो भाकरीच्या तव्याएवढा, काळा, चपटा. कडेने सहा माइक. हे यंत्र तिने आणि तिच्या विद्यार्थ्यांनी तीन वर्षं खपून केलं होतं. एखाद्या बैठकीत कोणाच्या म्हणण्याने किती फरक पडला हे ते मोजतं. कल्पना साधी आहे. समजा, इलियास म्हणाला, "मी कुलूप फोडतो." तराजू तो प्रसंग स्वतःच्या पोटात पुन्हा मांडतो, पण इलियासचं ते वाक्य वगळून. मग तिथून पुढचा खेळ हजार वेळा खेळून बघतो. शेवट फारसा बदलला नाही, तर त्या वाक्याचं वजन कमी. शेवट पार दुसरीकडे गेला, तर वजन जास्त. अशी सगळ्या वाक्यांची वजनं जोडली की प्रत्येकाचा वाटा निघतो. यासाठी यंत्राला प्रत्येक माणूस साधारण कसा वागतो हे ठाऊक असावं लागतं. आमच्या बाबतीत ती सोय आयतीच होती. शर्मिष्ठाने पहिल्या दिवसापासून प्रत्येक रविवार ध्वनिमुद्रित करून ठेवला होता, सोळा वर्षांचा.

तराजूला बाहेरही मागणी सुरू झाली होती. दोन सोसायट्यांनी बैठकांसाठी मागवला होता, एका समुपदेशक बाईंनी भांडणाऱ्या जोडप्यांसाठी. शर्मिष्ठाने नाही म्हणून सांगितलं होतं. आधी खेळात पारखून घेऊ म्हणाली.

पहिल्या रविवारचे आकडे आले. मांत्रिक एकसष्ट टक्के, चोर तीस, योद्धा नऊ.

"नऊ आले?" सुकुमार म्हणाला. "मला वाटलं चार येतील."

मी कामाला लागले. मंत्राला वेळ लागला पाहिजे असं ठरवलं. मांत्रिकाने मंत्र सुरू केला की तीन डाव तो जागचा हलणार नाही, आणि हलला तर मंत्र मोडला. योद्ध्याला अडवण्याचं बळ दिलं, जखम सोसून उभं राहण्याचं बळ दिलं. शर्मिष्ठाने ते नियम तराजूत घातले आणि यंत्राला स्वतःशीच वीस हजार खेळ खेळायला लावले. आकडे आले पस्तीस, बत्तीस, तेहतीस. मी खुर्चीतून उठून नाचले. सत्तर वर्षांचं दुखणं आणि मी ते मिरजेत बसून बरं केलं होतं!

रविवारी तेच नियम घेऊन आम्ही खेळलो. मांत्रिक अठ्ठावन्न, चोर एकतीस, योद्धा अकरा.

"असं कसं होईल?" शर्मिष्ठाने तराजू उलटा करून बघितला, जणू खाली काही चिकटलं असेल.

आता मला दुःखापेक्षा कुतूहल जास्त वाटायला लागलं. यंत्र खेळलं की तोल सांभाळला जातो आणि आम्ही खेळलो की ढळतो. म्हणजे दोष नियमांत नाही, आमच्यात कुठेतरी आहे. शर्मिष्ठानेच तोडगा काढला. अदलाबदल करायची. ती योद्धा होणार, सुकुमार मांत्रिक.

तिसऱ्या रविवारी सुकुमारच्या हातात नद्या फिरवणारे मंत्र होते आणि शर्मिष्ठाच्या हातात तलवार. आकडे आले योद्धा सत्तावन्न, चोर बत्तीस, मांत्रिक अकरा.

शर्मिष्ठाचा चेहरा पडला. "म्हणजे मी फार बोलते. स्पष्ट सांगा की."

"तुम्ही बोलता ते आहेच," इलियास म्हणाला, "पण ते नाही ओ मॅडम. हे बघा." त्याने तिन्ही बाहुल्या ओळीने मांडल्या. "मांत्रिकाचा हात मी दोनदा जोडलाय. चोर तर तीनदा रंगवला. पडतात, घासतात, टवके उडतात. आणि सुकुभाऊंची ही बाहुली दवाखान्यातून आल्यावर नवी करून दिली होती. सहा वर्षं झाली. रंगाचा एक पोपडा उडाला नाही. ही कुठं जातच नाही, आणि हिच्याकडं कुणी येत नाही."

सुकुमारने बाहुली हातात घेतली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर.

बुधवारी दुपारी शर्मिष्ठाचा फोन आला. "कॉलेजात ये. एकटी ये."

तिच्या प्रयोगशाळेत पंखा फुल वेगात होता तरी तिला घाम आला होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "यंत्राने तुला माणूस धरलंच नव्हतं."

"आभारी आहे."

"हसू नकोस. खेळाडू तीन, म्हणून मी तीन माणसं धरली. फासा हा नशिबाचा भाग. आणि सूत्रधार, म्हणजे तू, तुलाही मी तशीच धरली, पावसासारखी. पाऊस का पडला हे कुणी विचारत नाही, पडला हे फक्त लिहून घेतो. काल मी तुला माणूस केलं आणि सोळा वर्षांची ध्वनिमुद्रणं पुन्हा चालवली. धोका कुणाच्या दिशेने येतो, एवढंच विचारलं."

तिने पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ वर-खाली होत, साधारण एका उंचीवरून दहा वर्षं चालली होती. कोटात दहा संकटं आली तर तीन-चार सुकुमारच्या वाट्याला. मग एका जागी ती तळाला गेली आणि तिथेच राहिली.

"ही कुठली तारीख?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत होतं.

"ऑगस्ट २०३७चा शेवटचा रविवार. त्यानंतर तो दोनशे एकाहत्तर वेळा दारात उभा राहिला. त्या दारातून कुणीही आलेलं नाही. शत्रू खिडकीतून आले, भुयारातून आले, एकदा तर तू छत फोडून आणलेस. दार सोडून सगळीकडून."

मी म्हणाले, यंत्र चुकलंय. घरी आले आणि माझे नकाशे पलंगावर पसरले. मोजणीच्या कामात चुकीला जागा नसते, आणि मी खेळाचे नकाशेही तसेच काढते. शत्रू लाल ठिपक्याने, प्रत्येक खेळाडू कुठे उभा राहिला ते निळ्या फुलीने. ऑगस्ट २०३७नंतरचा एकेक नकाशा बघत गेले. निळी फुली पूर्वेच्या दारात असली की लाल ठिपके पश्चिमेला. फुली उत्तरेला, तर ठिपके दक्षिणेला. माझेच नकाशे माझी चुगली करत होते.

आणि मग तो रविवार आठवला. तो हात गळ्यात बांधून आला होता. म्हणाला, "मी दारात उभा राहतो." त्या दाराबाहेर मी आदल्या दिवशी एक राक्षस लिहून ठेवला होता. मी आडोशामागे पान उलटलं. सूत्रधाराच्या पुढ्यात पुठ्ठ्याचा एक आडोसा असतो, त्यामागे तिचे कागद असतात आणि तिचे फासे पडतात, ते कुणाला दिसत नाहीत. आजच्या दिवस नको, एवढंच मनात आलं होतं. तेवढं एकदाच. पुढच्या दोनशे सत्तर वेळा माझ्या हाताने मला न विचारता तेच केलं.

खरं म्हणजे किती साधी गोष्ट होती! मांत्रिकाची ताकद तो नेईल तिथे चालते. योद्ध्याची ताकद त्याच्या अंगावर काही आलं तरच दिसते. धोका हाच त्याचा कच्चा माल, आणि तो मी सहा वर्षं बंद करून ठेवला होता. अदलाबदलीच्या रविवारीही धोका मी सुकुमारच्या मंत्रांपासून दूरच नेला होता. वर आणि त्याला बळ कमी पडतंय म्हणून नियम बदलत बसले होते.

मी निघताना शर्मिष्ठाने म्हटलं होतं, "ही नोंद मी पुसू शकते. पुस्तकात फक्त नियम जातात. तुम्हा दोघांचं तुम्ही बघा." चांगल्या मैत्रिणीने म्हणावं तेच ती म्हणाली. पण पलंगावरच्या नकाशांकडे बघताना मला दुसरं काही दिसत होतं, जे तिच्या यंत्राला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी सहाला आम्ही जेवायला बसलो. ऊन अजून ओट्यावर होतं. मी त्याला सगळं सांगितलं, रेघ, तारीख, नकाशे, राक्षस. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. दार वाजतंय का नाही, हे दारात उभ्या राहणाऱ्याला कळतंय की."

"मग बोलला का नाहीस?"

"तू भ्यायली होतीस. म्हटलं जाईल भीती, महिन्याभरात, दोन महिन्यांत. सहा वर्षं झाली, त्रिशला." त्याने पाण्याचा घोट घेतला. मग ताटातला हात तसाच ठेवून म्हणाला, "आता एक विचारतो. खरं सांग. हुक्केरी साहेबांकडं पण तूच गेली होतीस?"

हेच ते, जे सांगायचं मी टाळत होते. सुकुमार दवाखान्यातून घरी आला त्याच आठवड्यात मी त्याच्या साहेबांना भेटले होते. रडले होते. याला पुन्हा खांबावर चढवू नका, खुर्ची द्या, आणि मी आले होते हे त्याला सांगू नका. हुक्केरी साहेब भला माणूस. त्यांनी शब्द पाळला. सुकुमार दरवर्षी लाइनवर परत जाण्याचा अर्ज करायचा आणि दरवर्षी उत्तर यायचं, सध्या आवश्यकता नाही.

"हो," मी म्हणाले. "मीच गेले होते."

तो डाव्या हाताची ती दोन बोटं अंगठ्याने चोळत राहिला. "मला वाटलं, माझा हात गेला," तो म्हणाला. "दरवर्षी वाटायचं. डॉक्टर चांगला म्हणतोय, आणि साहेब घेत नाहीत, म्हणजे त्यांना काहीतरी दिसत असणार. मी खुर्चीवर बसून स्वतःचाच हात तपासत बसायचो, त्रिशला."

मी ओरडा ऐकायला तयार होते. याला मी तयार नव्हते. त्याचा जीव वाचावा म्हणून मी जे केलं, त्याने तो रोज स्वतःला थोडा थोडा कमी धरत गेला होता, आणि मला त्याची कल्पनाच नव्हती. मला माझीच शरम वाटली. मी माफी मागायच्या आत त्याने ताट उचललं, स्वतःच घासलं आणि तो नदीकडे चालत गेला.

दोन दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं झालं. शुक्रवारी रजा टाकून मी हुक्केरी साहेबांकडे गेले आणि माझे शब्द परत घेतले. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "वहिनी, खरं सांगू का? तुम्ही म्हणालात ते मलाही सोयीचं होतं. पण ड्रोन सगळं करतात हे कागदावर. वादळात अजून माणूसच लागतो, आणि असा हात दुसरा नाही माझ्याकडे." सोमवारी सकाळी सरावाच्या खांबावर त्याची चाचणी घ्यायची ठरली. घरी येऊन मी सुकुमारला तेवढंच सांगितलं. तो "बरं" म्हणाला. हसला नाही, पण त्याने मला चहा ओतला.

रविवारी तो माझ्याबरोबर निघाला नाही. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. शर्मिष्ठा उगाच फासे रचत होती. इलियासने दोनदा जिन्यात डोकावून बघितलं. साडेनऊला स्कूटर थांबल्याचा आवाज आला. सुकुमार वर आला, डबी उघडली, बाहुली टेबलावर ठेवली.

मी आडोसा उचलला, घडी केला आणि खुर्चीखाली सरकवला. माझे कागद, माझे फासे, सगळं उघडं. शर्मिष्ठाने भुवया उंचावल्या.

कोटाच्या पोटात एक टाकं होतं आणि टाक्यामागे कोंडलेलं गाव. मांत्रिकाला भिंत उघडायची होती. मंत्राला तीन डाव लागणार, तोवर ती जागची हलू शकणार नव्हती.

"मी मंत्र सुरू करते," शर्मिष्ठा म्हणाली.

"मी दारात उभा राहतो," सुकुमार म्हणाला.

समोर नकाशा होता, त्यावर निळी फुली, आणि दाराबाहेर मी रात्रीच काढलेले तीन लाल ठिपके. पान उलटायला आडोसा नव्हता.

"दारावर थाप पडते," मी म्हणाले.

सुकुमारने मान वर केली. सहा वर्षांत त्याने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. "किती जण?"

"तिघे. भाले आहेत."

"दार किती रुंद?"

"अडीच हात."

"उंबरा आहे?"

"वीतभर उंच."

"मग मी उंबऱ्यावर नाही, दोन पावलं आत उभा. त्यांना आत यायला पाय उचलावा लागतोय. पाय उचलला, की तोल गेला. तेव्हाच मारणार. आणि दार अडीच हाताचं, एका वेळी एकच येतोय."

हा माणूस सोळा वर्षं प्रत्येक दार असंच बघत आला होता. आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

पहिला डाव त्याने जिंकला. दुसऱ्यात माझा फासा सगळ्यांदेखत एकोणीसवर थांबला आणि भाला त्याच्या खांद्यात गेला. तरी तो उभा राहिला. शर्मिष्ठा खुर्चीच्या कडेवर आली होती. नद्या फिरवणारी बाई, पण तिला जागचं हलायची सोय नव्हती आणि तिच्या दारात फक्त तो होता. "धर सुकुमार," ती ओरडली, "एकच डाव, धर!"

मी तिसऱ्यांदा फासा टाकला. तो टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला. पूर्वी आडोशामागे असा फासा पडला असता तर मी तोंडाने दुसराच आकडा सांगितला असता. हेही मी केलंय, कितीदा ते देवाला ठाऊक.

"वीस," मी म्हणाले.

योद्धा दारातच आडवा पडला; बाहुली टेबलावर आपटली आणि तिच्या खांद्याचा टवका उडाला. पण तिसरा डाव संपला होता. मंत्र पुरा झाला, भिंत उघडली, गाव बाहेर पडलं.

सुकुमार आपल्या पडलेल्या बाहुलीकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मेलो की!" तो म्हणाला. "इलियास, मेलो बघ!"

"नवी करतो सुकुभाऊ, उद्याच करतो," इलियास डोळे पुसत म्हणाला.

"नवी कर. पण हिला रंगवू नको. हिचा टवका तसाच राहू दे."

शर्मिष्ठाने तराजूकडे बघितलं. योद्धा चौपन्न, मांत्रिक एकोणतीस, चोर सतरा. "हे बघ त्रिशला," ती म्हणाली, "हा मांत्रिकांवर अन्याय आहे. पुढच्या रविवारी यावर बोलायचं." सुकुमार तिला म्हणाला, "बोलू की. मी येतोय."

‘बुरूज’ वेळेत छापायला गेलं. सूत्रधारांसाठीच्या पानावर मी एक नियम वाढवला. तुमचं माणूस टेबलावर असेल, तर फासे आडोशामागे टाकू नका. कारण काय द्यायचं, असं प्रकाशकांनी विचारलं. मी म्हटलं, नियमाला कारण लिहायची पद्धत नाही.

त्या खेळाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी सातला, सुकुमार चाचणीला निघाला. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, कमरेला पट्टा. कंपनीने शनिवारी दिलेले नवे हातमोजे त्याने पिशवीतून काढले. उजव्याचं तोंड गुंडाळत आणलं, हवा कोंडली, कानाशी धरून ऐकलं. मग डावा हातमोजा माझ्यापुढे केला.

"हा तू बघ," तो म्हणाला.

मी त्याचं तोंड गुंडाळत गेले. रबर ताठ होतं, माझ्या हातांना सवय नव्हती. हातमोजा फुगला, पाचही बोटं उभी राहिली. मी तो कानाशी धरला, श्वास रोखून, अगदी शेवटच्या बोटापर्यंत ऐकलं. मला त्याला थांबवायचं होतं. अजूनही होतं.

"हवा टिकलीय," मी म्हणाले आणि हातमोजा त्याच्या हातात दिला.